लाल रंग न दिसणारा कॅमेरा आणि त्यातून जन्मलेले राक्षस

१९३१ सालच्या एका अमेरिकी बोलपटात एक सभ्य डॉक्टर आरशासमोर उभा राहून स्वतःच बनवलेलं औषध पितो. मग आपल्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा काळवंडायला लागतो. गालांवर सावल्या चढतात, डोळ्यांभोवती खड्डे पडल्यासारखे दिसतात, चांगला माणूस बघता बघता हिंस्र होत जातो. आणि हे सगळं सुरू असताना मधे कुठेही काटछाट नाही, की एका चित्रात दुसरं चित्र विरघळत नाही. चेहरा तोच, क्षण तोच. चित्रपट 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड', दिग्दर्शक रूबेन मामूलियन, नट फ्रेडरिक मार्च. हा तुकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तीनदा मागे नेऊन पाहिला. संगणक नव्हता त्या काळात हे केलं तरी कसं?

उत्तर तुमच्या माळ्यावर, दिवाळीच्या खोक्यात असण्याची शक्यता आहे. आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटिनचा कागद काढा. पांढऱ्या कोऱ्या कागदावर लाल पेनानं एखादी रेघ ओढा आणि त्या जिलेटिनमधून बघा. रेघ जवळजवळ नाहीशी होईल. पांढरा कागदही लाल दिसतो, रेघही लाल दिसते, मग वेगळं उठून दिसणार काय? आता तीच रेघ हिरव्या जिलेटिनमधून बघा. हिरवा कागद लाल प्रकाश अडवतो, त्यामुळे रेघ काळी कुळकुळीत होऊन समोर येते.

मार्चच्या चेहऱ्यावर हाइडच्या, म्हणजे डॉक्टरच्या त्या हिंस्र रूपाच्या, सुरकुत्या आणि खड्डे आधीपासूनच लाल रंगात रंगवलेले होते. कॅमेऱ्यापुढे लाल काच होती तोवर ते दिसत नव्हते. छायाचित्रकार कार्ल स्ट्रस यांनी लाल काच हळूहळू सरकवून दुसऱ्या रंगाची काच पुढे आणली, आणि लपलेला राक्षस वर आला. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे काच बदलल्यानं पडद्यावरचा रंग बदलला असं प्रेक्षकाला कळायचा प्रश्नच नव्हता. हीच युक्ती स्ट्रस यांनी काही वर्षं आधी, १९२५च्या 'बेन-हर'मध्ये उलटी वापरली होती: तिथे महारोग्यांच्या अंगावरचे चट्टे चमत्कारानं नाहीसे होतात. एकाच काचेनं एकदा देवाचं काम केलं, एकदा सैतानाचं.

(पुढच्या टप्प्यातला केसाळ, दात पुढे आलेला हाइड मात्र वॉली वेस्टमोर यांच्या रीतसर रंगभूषेतून आला. काचेची करामत फक्त सुरुवातीच्या बदलापुरती आहे. पण लोकांच्या लक्षात राहते तीच.)

जुन्या भयपटांतल्या राक्षसांच्या जन्मकथा वाचत गेलं की एक गोष्ट परत परत समोर येते. हे राक्षस घडवणाऱ्या लोकांनी कॅमेऱ्याला काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही, याचा अभ्यास जास्त केलेला होता. राक्षस राहायचे ते त्या न दिसणाऱ्या जागेत.

यातली पहिली जागा रंगाची. आपण 'कृष्णधवल' म्हणतो तेव्हा सगळे रंग आपापल्या उजळपणाप्रमाणे राखाडी होत असतील असं धरून चालतो. मूकपटांच्या काळात तसं नव्हतं. तेव्हाच्या फिल्मला निळा रंग उत्तम दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे निळं आकाश पांढरं फटक, आणि लाल ओठ काळे. कपाळावरचं कुंकूसुद्धा अशा फिल्मवर काळ्या टिकलीसारखं उमटणार. गोऱ्या माणसाच्या गालावरची लाली डागासारखी दिसायची, म्हणून नट-नट्या चेहऱ्यावर रंगाचे जाड थर देत. निळ्या डोळ्यांच्या नटांची पंचाईत वेगळीच: त्यांची बुबुळं इतकी फिकट उमटत की साधा प्रेमळ नायकही झपाटल्यासारखा वाटावा.

भयपट करणाऱ्याला याहून चांगली फिल्म कुठली मिळणार! डोळ्यांभोवती लालसर रंग लावला की पडद्यावर थेट कवटीची भोकं.

हे अंधत्व सर्वांत जास्त कोणी राबवून घेतलं असेल तर लॉन चेनी यांनी. आईवडील दोघेही मूकबधिर, त्यामुळे चेहरा आणि हात ही या माणसाची पहिली भाषा. मूकपटात त्याच भाषेवर पोट चाललं. ते स्वतःची रंगभूषा स्वतः करत. १९२३ साली नोत्र दामचा कुबडा आणि १९२५ साली ऑपेरा हाउसच्या तळघरात राहणारा मुखवटेवाला 'फँटम' त्यांनी असाच स्वतःच्या पेटीतून उभा केला. फँटमसाठी नाकाचा शेंडा वर ओढून चिकटवला, नाकपुड्या काळ्या केल्या, खोटे दात बसवले. मुखवटा निघेपर्यंत हा चेहरा कोणी पाहू नये म्हणून प्रदर्शनाआधी त्याचे फोटोही बाहेर सोडले नव्हते. 'हजार चेहऱ्यांचा माणूस' ही त्यांची पदवी जाहिरातीची असली तरी पोकळ नव्हती. ब्रिटानिका विश्वकोशात चित्रपटाच्या रंगभूषेवर लिहायला त्यांनाच सांगितलं गेलं होतं.

विसाच्या दशकात सगळे रंग पाहू शकणारी फिल्म हळूहळू रुळली. आता गंमत बघा. मामूलियन यांची युक्ती जुन्या फिल्मवर चाललीच नसती, कारण तिला लाल कायम काळाच दिसला असता, पुढे कुठलीही काच धरा. फिल्मला लाल दिसू लागला, तेव्हाच तो लपवता आला.

दुसरी न दिसणारी जागा वेळेची आहे, आणि ती आणखी जुनी. चित्रपट म्हणजे एकामागून एक काढलेले स्थिर फोटो. दोन फोटोंच्या मधे कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो. त्या मिटल्या डोळ्यामागे काय घडलं, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. पॅरिसमध्ये जादूचे प्रयोग करणारे जॉर्ज मेलिएस सांगत, की रस्त्यावर चित्रण करताना त्यांचा कॅमेरा अडकला, थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर पाहिलं तर घोड्यांच्या बसची झाली होती शववाहिका. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेलही, पण १८९६ साली त्यांनी काढलेल्या तीनेक मिनिटांच्या चित्रपटात वटवाघूळ उडत येतं आणि क्षणात त्याचा सैतान होतो, हे खरं. कॅमेरा थांबवायचा, वटवाघूळ काढायचं, नटाला उभं करायचं, पुन्हा सुरू करायचा.

इथे आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण येणं अपरिहार्य आहे. तेही जादूगार, आपलंच आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं प्रयोग करत. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी कुंडीत एक बी पेरलं आणि त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून कित्येक दिवस कॅमेऱ्यात टिपत राहिले. दाखवताना रोप मिनिटभरात मातीतून उसळून वर येतं. पुढे १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि यमुनेच्या डोहातल्या कालियाशी झुंजली. फाळक्यांना आपण भक्तिपटांच्या रांगेत बसवतो, आणि ते बरोबरही आहे. पण भलामोठा नाग पडद्यावर जिवंत करायचा म्हणजे राक्षस घडवण्याचंच काम. मेलिएस आणि फाळके यांचं हत्यार एकच होतं, त्यातून एकानं सैतान काढला, दुसऱ्यानं देव.

फिल्म पुढे चालते, तशी ती उलटीही चालवता येते. १९१० साली एडिसनच्या कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीवर पंधराएक मिनिटांचा चित्रपट केला. त्यात राक्षस एका कढईतून तयार होतो: हाडांवर मांस चढतं, हात आपोआप वर येतात. प्रत्यक्षात काय केलं, तर एक पुतळा बनवला, त्याला आग लावली, तो जळून गळून पडेपर्यंत चित्रण केलं आणि ती पट्टी उलटी चालवली. शंभराहून जास्त वर्षांनंतरही तो तुकडा अंगावर येतो. मला वाटतं, याचं कारण ज्वाळांत आहे. आग उलटी चालली की ती आगीसारखी वागत नाही, आणि नेमकं काय बिनसलंय ते मनाला पटकन सांगता येत नाही.

जर्मन लोकांनी तर चक्क निगेटिव्हच दाखवली. मुर्नाऊ यांच्या १९२२च्या 'नोस्फेरातू'मध्ये पिशाच्चाच्या प्रदेशात शिरणारी बग्गी ज्या जंगलातून धावते ते जंगल पांढरं आहे आणि आकाश काळं. पण त्या चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं दृश्य म्हणजे जिन्यावरून चढत जाणारी लांब बोटांची सावली. तिला ना रंगभूषा लागली, ना यंत्र. एक दिवा आणि एक भिंत.

तिसरी जागा काळ्या रंगाची, आणि हिचं गणित मला सगळ्यांत सुंदर वाटतं. फिल्मवर चित्र उमटतं ते प्रकाशामुळे. जिथून प्रकाशच आला नाही, तिथे फिल्म कोरी राहते, आणि कोऱ्या जागेवर नंतर दुसरं काहीतरी उमटवता येतं. १९३३च्या 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये माणूस अदृश्य झालाय, पण त्याचे कपडे दिसताहेत, बाह्या हलताहेत, विजारीला पाय नाहीत. तंत्रज्ञ होते जॉन फुल्टन. त्यांनी नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळलं, त्यावर कपडे चढवले आणि मागे भिंतभर काळी मखमलच लावली. मखमल प्रकाश गिळून टाकते, म्हणून फिल्मवर आले ते फक्त हालणारे कपडे. मग खोलीचं, फर्निचरचं, बाकीच्या नटांचं चित्रण वेगळं केलं. दोन्ही एकावर एक नुसती छापली असती तर कपड्यांच्या आरपार खोली दिसली असती. म्हणून कपड्यांच्या आकाराचा काळा 'साचा' फिल्मवरच तयार करायचा, खोलीच्या चित्रात तेवढी जागा झाकून ठेवायची, आणि त्या राखीव जागेत कपडे बसवायचे. साचा प्रत्येक फ्रेमला वेगळा, कारण माणूस हलतोय. जिथे जोड दिसली, तिथे हातात कुंचला घेऊन फ्रेमगणिक दुरुस्ती केली.

एवढी मेहनत करून शेवटी घोटाळा झालाच. अखेरच्या प्रसंगात हा अदृश्य माणूस बर्फातून पळतो आणि पांढऱ्याशुभ्र बर्फावर आपोआप पावलं उमटत जातात. कल्पना झकास. पण अदृश्य राहायचं तर अंगावर काही घालायचं नाही, ही चित्रपटाचीच अट. आणि बर्फात उमटतात ते बुटांचे ठसे!

आता एक असा राक्षस, जो या कुठल्याच युक्तीवर उभा नाही. १९३१चा 'फ्रँकेन्स्टाइन', दिग्दर्शक जेम्स व्हेल, राक्षसाच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ. हे टोपणनाव, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. नाव रशियन वाटतं, माणूस लंडनचा, आणि घराण्याची मुळं मात्र आपल्याकडची. त्यांची आई सुरतेत जन्मलेली. आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात राजाच्या मुलांना शिकवणाऱ्या, नंतर पुस्तकांमुळे जगभर माहीत झालेल्या अ‍ॅना लिओनोवेन्स. त्या १८३१ साली अहमदनगरला जन्मल्या. हॉलिवूडच्या सगळ्यांत प्रसिद्ध राक्षसाची वंशावळ नगरच्या छावणीपर्यंत येऊन पोचते, हे समजलं तेव्हा मी नगरच्या एका मित्राला लगेच फोन केला. त्याला आधी माझी चेष्टाच वाटली.

कार्लोफ यांचा चेहरा घडवला जॅक पिअर्स यांनी, आणि त्यांनी चेहऱ्याआधी प्रश्न घडवला. हा प्राणी मेलेल्या माणसांच्या अवयवांतून जोडलेला, त्यात दुसऱ्याचा मेंदू बसवलेला. मग मेंदू आत घालायला डोकं कुठे कापलं असेल? त्याला बनवणारा डॉक्टर हा काही सौंदर्याचा उपासक नाही, तो सोपा मार्ग घेणार: कवटी वरून सरळ कापायची, पातेल्यावरचं झाकण काढावं तशी, आणि मेंदू ठेवून पुन्हा बसवायची. म्हणून ते सपाट डोकं. म्हणून कपाळावरचा टाका. मानेच्या दोन्ही बाजूंना जे खिळे आहेत असं आपण समजतो, ती विजेचा प्रवाह आत सोडायची टोकं. जीव विजेनं आला, तर वीज कुठून तरी आत जायला हवी ना.

हे सगळं रोज नव्यानं बांधलं जाई. तयार मुखवटा नव्हता. कापसाचा पातळ थर, त्यावर कोलोडियन नावाचं वाळल्यावर ताठ होणारं उग्र वासाचं द्रावण, पुन्हा कापूस, पुन्हा द्रावण, असं करत कपाळ उंच करायचं. वरून निळसर हिरवट रंग, जो कृष्णधवल पडद्यावर प्रेतासारखा पांढुरका दिसतो. (हा राक्षस हिरवा असतो हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, चित्रपटात तो हिरवा कधी दिसलेलाच नाही.) या कामाला रोज चारेक तास लागत. नंतर ते सोलून काढायचं ते वेगळंच. पुढच्याच वर्षीच्या 'ममी'साठी तर कार्लोफ आठ तास खुर्चीत बसले, आणि पट्ट्यांत गुंडाळलेली ती ममी पडद्यावर दिसते जेमतेम काही क्षण. डोळा किलकिला होतो, हात हलतो, संपलं. १९३३ साली अमेरिकेत नटांची संघटना उभी राहिली, तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत कार्लोफ होते, यात नवल नाही.

पण खरी गोष्ट पापण्यांची. रंगभूषा पूर्ण झाल्यावर कार्लोफ यांना काहीतरी खटकत होतं. डोळे फार जागे वाटत होते. नुकत्याच जन्मलेल्या, काहीही न समजणाऱ्या जिवाचे डोळे असे नसतात. म्हणून त्यांच्या पापण्यांवर मेण चढवलं, त्या अर्ध्या मिटल्या. तोंडात एका बाजूला नकली दातांचा जोड होता, तो काढून टाकला तसा गाल आत ओढला गेला. एवढंच. आणि त्यानंतर तो चेहरा भयानक राहिला नाही. म्हणजे भयानक आहेच, पण छतातून उजेड आत येतो तेव्हा तो प्राणी हात वर करून तो उजेड धरायला बघतो, त्या क्षणी पोटात तुटतं. काच, मखमल, उलटी फिल्म यांतून आश्चर्य वाटतं. पिअर्स यांच्या सपाट डोक्याखालून एक नट बघत होता, म्हणून कणव आली. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावळीत राक्षसाच्या नावासमोर फक्त प्रश्नचिन्ह होतं. शेवटच्या नामावळीत कार्लोफ हे नाव आलं.

लांडगा होणाऱ्या माणसाबद्दल फार थांबत नाही. १९४१च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये पिअर्स यांनी लॉन चेनी यांच्या मुलाला याकचे केस चिकटवून लांडगा केलं. थोडे केस चिकटवायचे, थोडं चित्रण करायचं, नट तसाच न हलता थांबवायचा, आणखी केस, आणखी चित्रण. आणि हे तुकडे एकमेकांत विरघळवायचे. मामूलियन यांच्या काचेसमोर हे काम कष्टाचं, पण फिकं वाटतं.

उरला तो माकडांचा राजा. 'किंग काँग', १९३३. विलिस ओब्रायन यांचं तंत्र म्हणजे तीच दोन फोटोंमधली मिटली पापणी, पण टोकाला नेलेली. काँगचे पुतळे साधारण दीड फुटाचे. आत पोलादी सांगाडा, सांध्याला गोळी आणि खोबण, वर रबर आणि कापूस, आणि त्यावर सशाची कातडी. पुतळ्याचा हात केसभर हलवायचा, बाजूला व्हायचं, एक फ्रेम घ्यायची. पुन्हा केसभर. एका सेकंदाला अशा २४ फ्रेम. काँग डायनासोरचा जबडा फाडतो त्या झटापटीत दोन्ही पुतळ्यांचे हात, पाय, माना, शेपटी, सगळं असंच.

दीड फुटाचं बाहुलं डोंगराएवढं का वाटतं? कारण कॅमेऱ्याला एकच डोळा. आपल्याला दोन डोळ्यांमुळे वस्तू किती जवळ आहे ते कळतं. कॅमेऱ्याला लहान-जवळ आणि मोठं-दूर यांतला फरक कळत नाही. शेजारी बोन्सायएवढी झाडं ठेवली आणि मागे छोट्या पडद्यावर जिवंत नटीचं चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवत राहिलं, की काम झालं. अगदी जवळच्या दृश्यांसाठी मात्र डोकं-छातीचा प्रचंड पुतळा अस्वलाच्या कातड्यानं मढवून बनवला होता, आत माणसं बसून भुवया आणि ओठ हलवत. आवाजासाठी मरी स्पिव्हॅक यांनी सिंह-वाघांच्या डरकाळ्या ध्वनिमुद्रित करून त्या उलट्या आणि संथ चालवल्या.

या चित्रणाबद्दल एक किस्सा सांगतात. छोट्या जंगलात खरी रोपंही लावली होती. दिवसभर खपून एक दृश्य घेतलं, फिल्म धुतली, पडद्यावर पाहिली, तर मागे एक फूल सावकाश उमलत होतं. माणसांच्या डोळ्यांना दिवसभरात ते कळलंही नव्हतं. फाळक्यांनी जे मुद्दाम कुंडीसमोर बसून केलं, ते इथे नको असताना घडलं, आणि अख्ख्या दिवसाचं काम गेलं.

दुसरी चूक मात्र तशीच राहिली. प्रत्येक फ्रेमसाठी पुतळा हातात धरावा लागे, आणि दर वेळी बोटांखाली सशाचे केस थोडे वेगळे दबत. कॅमेऱ्याला बोटं दिसली नाहीत, पण त्यांची खूण दिसली. पडद्यावर काँगच्या अंगावरची लव सारखी थरथरते, जणू वाऱ्यानं. ओब्रायनच्या लोकांना वाटलं, आता आपली खैर नाही. प्रेक्षकांना ते दिसलं आणि त्यांनी आपापसांत अर्थ लावून टाकला: बघा, चिडलाय तो, अंगावरचे केस उभे राहिलेत.